शेवाळ आणि पाणचिचुंद्री: इतक्या दूरच्या जिवांची तुलना करायची तरी कशी?

उन्हाळा चढू लागला की उजनी धरणाचे पाणी हिरवे पडल्याच्या बातम्या येतात. पुण्याचे सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत जाते, त्यामुळे ही बातमी पुणेकरांच्या घरातलीच असते. बातमीत बहुधा एकच शब्द असतो, शेवाळ. त्याच सुमारास कुणाच्या तरी मोबाइलवर ‘माणूस आणि केळे निम्मे सारखेच’ असाही एखादा मजकूर फिरत असतो. एका बातमीत वेगवेगळे जीव एकाच नावाखाली कोंबलेले असतात आणि दुसरीत दूरच्या जिवांमधले साम्य एका आकड्यात उरकलेले असते. दोन्ही ठिकाणी प्रश्न मात्र एकच आहे: दोन जीव सारखे आहेत किंवा वेगळे आहेत, असे आपण नेमके कशावरून म्हणतो?

या प्रश्नाचे उत्तर जवळच्या जिवांपेक्षा अगदी दूरच्या जोडीवरून अधिक स्पष्ट कळते. म्हणून या लेखासाठी गोड्या पाण्यातले एक शेवाळ आणि अर्धे आयुष्य पाण्यात काढणारी एक चिचुंद्री अशी जोडी घेतली आहे.

दोघांची ओळख

शेवाळातून आपण क्लॅमिडोमोनास निवडू. तळ्यात, डबक्यात आणि ओल्या मातीत आढळणारे हे शेवाळ म्हणजे एकच पेशी असते आणि तिची लांबी साधारणपणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी भरते. डबक्यातल्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर हिरवे ठिपके सरळ जाता जाता मध्येच दिशा बदलताना दिसतात. भिंगाची शक्ती वाढवली की पेशीतले पेल्याच्या आकाराचे हरितलवक, म्हणजे प्रकाशावर अन्न तयार करणारा भाग, दिसते. त्याच्या कडेला नारिंगी रंगाचा एक बारीक ठिपका असतो आणि पुढच्या टोकाला चाबकासारखे दोन धागे हलत असतात. या धाग्यांना कशाभिका म्हणतात. पुढच्या विवेचनात हा शब्द वारंवार येणार आहे.

नदीवर हिरवा गालिचा अंथरणारी जलपर्णी हे शेवाळ नव्हे, ती फुले येणारी वनस्पती आहे. उजनीसारख्या जलाशयांत पाणी हिरवे करणारे ‘निळे-हिरवे शेवाळ’ म्हणजे तर जिवाणू असतात, कारण त्यांच्या पेशीत केंद्रक, म्हणजे जनुके ज्यात बंदिस्त असतात तो गाभा, नसतो. क्लॅमिडोमोनासच्या पेशीत ते असते. हा भेद पुढे कामाला येईल.

चिचुंद्री पुणेकरांना नवी नाही. जुन्या वाड्यांत, मंडईच्या आसपास आणि गटारांच्या कडेने रात्री भिंतीला चिकटून चिरकत पळणारा, लांब नाकाचा आणि उग्र वासाचा हा प्राणी अनेकजण उंदीर समजून मारतात. तो उंदीर नाही. उंदीर कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गटातला असतो, तर चिचुंद्री ही कीटक खाणाऱ्या वेगळ्याच गटातली आहे, आणि झुरळे खाऊन ती घरमालकाचे कामच करत असते. तिच्याच कुळातल्या काही जाती पाण्यात शिकार करतात. युरोपपासून आशियात दूरवर पसरलेली युरेशियाई पाणचिचुंद्री आणि आपल्याकडच्या थंड पहाडी ओढ्यांतली हिमालयी पाणचिचुंद्री या त्यांपैकी दोन. युरेशियाई जातीचे वजन जेमतेम १२ ते १८ ग्रॅम असते. पाण्यातले किडे, झिंगे, गोगलगाई आणि कधी बेडूक किंवा लहान मासा हे तिचे अन्न. तिच्या लाळेत विष असते आणि भूक अशी की दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक अन्न तिला लागते.

पुण्यात वनस्पतींचे सर्वेक्षण करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे कार्यालय कोरेगाव रस्त्यावर आहे आणि प्राण्यांचे सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेचे आकुर्डीला. कामाच्या सोयीसाठी अशी वाटणी लागतेच. मात्र जिवांच्या नात्यांचा नकाशा या वाटणीप्रमाणे आखलेला नाही.

साम्य वारशाने आले की गरजेने?

दोन जिवांत काही सारखे दिसले, तर त्याची मुख्यतः दोन कारणे संभवतात. पहिले, दोघांच्या सामाईक पूर्वजाकडे ती गोष्ट होती आणि दोघांनी ती टिकवली. याला जीवशास्त्रात समजातता म्हणतात. आपण तिला वारशाचे साम्य म्हणू. दुसरे, पूर्वजाकडे ती गोष्ट नव्हती, पण सारख्या अडचणीवर दोघांनी स्वतंत्रपणे सारखाच तोडगा काढला. हे गरजेचे साम्य. तुलना करणाऱ्याचे खरे कौशल्य या दोहोंत फरक ओळखण्यात असते.

शेवाळ आणि चिचुंद्री यांचा सामाईक पूर्वज होता का? होता. तो एकपेशीय होता, त्याच्या पेशीत केंद्रक होते आणि ऊर्जा तयार करणारी तंतुकणिका होती. त्याचा काळ १०० कोटी वर्षांपेक्षाही मागे जातो, कारण लाल शेवाळाचे म्हणून ओळखले गेलेले जीवाश्मच सुमारे १०५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि प्राण्यांची व शेवाळांची वाट त्याआधीच वेगळी झालेली असली पाहिजे. क्लॅमिडोमोनासच्या घराण्याने पुढे प्रकाशावर अन्न बनवणारे, उजनीतल्या निळ्या-हिरव्या जिवाणूंच्या नात्यातले जिवाणू पोटात सामावून घेतले आणि त्यांचेच हरितलवक झाले. चिचुंद्रीच्या घराण्याने तसे केले नाही.

या वंशवृक्षात डोळ्यांना न पटणारी बरीच नाती आहेत. पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर उगवणारी भूछत्रे शेवाळापेक्षा चिचुंद्रीला जवळची आहेत. क्लॅमिडोमोनास हे त्याच्यासारख्याच हिरव्या दिसणाऱ्या उजनीतल्या जिवाणूंपेक्षा चिचुंद्रीला, निदान केंद्रकाच्या बाबतीत, अधिक जवळचे आहे. त्या जिवाणूंशी त्याचे नाते आहे ते हरितलवकापुरते. एकाच पेशीत दोन घराण्यांचे वारसे नांदत असल्यामुळे ‘हे कुणासारखे?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

कशाभिका: आंब्याकडे नसलेला वारसा

शेवाळ आणि चिचुंद्री यांच्यात वारशाने आलेली सर्वांत लक्षणीय गोष्ट कोणती, असे विचारले तर मी कशाभिका हे उत्तर देईन.

क्लॅमिडोमोनासच्या कशाभिकेचा आडवा छेद घेऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर नऊ जोडनळ्यांचे कडे आणि त्याच्या मध्यभागी दोन सुट्या नळ्या अशी रचना दिसते. चिचुंद्रीच्या श्वासनलिकेचे अस्तरही अशाच सूक्ष्म धाग्यांनी भरलेले असते. धूळ चिकटलेला कफ ते सतत घशाकडे ढकलत राहतात. त्यांचा छेद घेतला तरी तीच नऊ जोड्यांची आणि दोन नळ्यांची रचना दिसते. नराच्या शुक्रपेशीच्या शेपटीतही तीच आढळते. आयरिन मँटन आणि त्यांचे सहकारी क्लार्क यांनी १९५२ मध्ये ती एका शेवाळीच्या, म्हणजे मॉसच्या, नर पेशीत दाखवली आणि १९५४ मध्ये डॉन फॉसेट व कीथ पोर्टर यांनी प्राण्यांच्या पेशींत तिचे तपशीलवार वर्णन केले. नळ्यांना वाकवणारी प्रथिनेही दोन्हीकडे एकाच घराण्यातली निघाली. इतक्या तपशिलात जुळणारी यंत्रणा दोन ठिकाणी योगायोगाने तयार झाली, असे मानायला जागा उरत नाही.

यातली विशेष गोष्ट अशी की आंबा, गहू, गुलाब अशा फुले येणाऱ्या वनस्पतींकडे कशाभिका अजिबात नाही. मॉस, नेचे आणि सायकस यांच्या नर पेशी अजूनही कशाभिकांच्या बळावर पोहतात. पुढे परागनळी नर पेशीला थेट अंडपेशीपर्यंत नेऊ लागली, पोहण्याची गरज संपली आणि ही यंत्रणा फुलझाडांच्या घराण्यातून गळून पडली. म्हणजे या एका बाबतीत क्लॅमिडोमोनास त्याच्या जवळच्या नात्यातल्या आंब्यापेक्षा दूरच्या चिचुंद्रीशी अधिक जुळते. अर्थात सगळी शेवाळे अशी नसतात. पाषाणच्या तळ्याकाठी हाताला बुळबुळीत लागणाऱ्या हिरव्या धाग्यांत सापडू शकणाऱ्या स्पायरोगायराला कशाभिका नसते. त्यामुळे ‘शेवाळ’ असे मोघम न म्हणता जातीचे नाव घेऊनच तुलना करावी लागते.

या साम्याचा उपयोग माणसाला कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. १९९३ मध्ये येल विद्यापीठातल्या जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेत कीथ कोझमिन्स्की यांना क्लॅमिडोमोनासच्या कशाभिकेच्या आत कण वर-खाली सरकताना दिसले. कशाभिकेच्या टोकाशी लागणारी सामग्री पेशीतून वर नेणारी आणि उरलेली खाली आणणारी ही वाहतूक होती. तीत भाग घेणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक शोधल्यावर असे आढळले की उंदरांत त्याच्या जोडीचे जनुक आधीच माहीत होते. ते बिघडलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या गाठी होत. २००० मध्ये ग्रेगरी पॅझूर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्या उंदरांच्या मूत्रपिंडातल्या कशाभिका खुरटलेल्या असतात. मूत्रपिंडाच्या पेशीवरच्या ज्या एकट्या, न हलणाऱ्या धाग्याकडे तोवर फारसे कुणी लक्ष देत नव्हते, तो एका गंभीर आनुवंशिक आजाराच्या केंद्रस्थानी आला. उंदीर, चिचुंद्री आणि माणूस या तिघांकडे हा धागा आहे, आणि त्याचे कोडे उलगडायला सुरुवात झाली ती डबक्यातल्या शेवाळापासून.

पाणचिचुंद्रीचे केस आणि गरजेचे साम्य

आता दुसरी बाजू. युरेशियाई पाणचिचुंद्रीच्या मागच्या पायांच्या कडेला राठ केसांची झालर असते. पाय मागे रेटताना ती पसरते आणि पायाचे वल्हे होते. शेपटीच्या खालच्या बाजूलाही तशीच केसांची रांग असते. उत्तर अमेरिकेतल्या पाणचिचुंद्रीच्या पायालाही झालर आहे आणि हिमालयी जातीच्याही. हा वारसा असावा असे सहज वाटेल, पण तसे नाही. या तिन्ही शाखा पाण्यात स्वतंत्रपणे उतरल्या.

त्याचा एक पुरावा स्नायूंत सापडतो. स्नायूंत ऑक्सिजन साठवणारे मायोग्लोबिन नावाचे प्रथिन बुडी मारणाऱ्या प्राण्यांत अधिक प्रमाणात असते. इतक्या दाटीत त्याचे रेणू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावरचा विद्युतभार वाढलेला असतो. कीटकभक्षकांच्या अनेक जातींत हा भार तपासून २०२१ मध्ये संशोधकांनी असा निष्कर्ष काढला की चिचुंद्र्या आणि त्यांच्या नात्यातले मोल नावाचे प्राणी यांच्या घराण्यात पाण्यात उतरण्याची घटना निदान पाच वेळा स्वतंत्रपणे घडली.

मायोग्लोबिन ज्या ग्लोबिन घराण्यातले आहे, त्याचे दूरचे सदस्य हिरव्या शेवाळांतही आहेत. क्लॅमिडोमोनासमधले एक ग्लोबिन ऑक्सिजन तुटपुंजा झाल्यावर पेशीला तग धरायला मदत करते. म्हणजे प्रथिनाचे मूळ घराणे फार जुने, पण चिचुंद्रीने त्याचा बुडीसाठी करून घेतलेला वापर नवा. एकाच रेणूत वारसा आणि गरज असे दोन्ही थर असू शकतात.

एकच पाणी, दोन वेगळी जगे

दोघे एकाच तळ्यात पोहत असले तरी त्यांना भेटणारे पाणी सारखे नसते. पोहणाऱ्याला पाण्यात दोन गोष्टींचा सामना करावा लागतो: स्वतःचा वेग टिकवून धरणारे जडत्व आणि पाण्याचा चिकटपणा. यांतले कोण किती वरचढ आहे हे सांगणाऱ्या गुणोत्तराला रेनॉल्ड्स अंक म्हणतात. १८८३ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी नळीतल्या प्रवाहावर केलेल्या प्रयोगांवरून हे नाव पडले. आकार आणि वेग जितका लहान, तितका हा अंक लहान. क्लॅमिडोमोनास सेकंदाला आपल्या लांबीच्या दहापट अंतर कापते तरी त्याचा अंक सुमारे एक हजारांश भरतो, तर पाणचिचुंद्रीचा काही हजारांत जातो. आपण काकवीच्या पिंपात उतरून पोहायचा प्रयत्न केला तर जे होईल, ते या पेशीला साध्या पाण्यात रोज करावे लागते. चिचुंद्रीने पाय मारायचे थांबवले तरी ती थोडी पुढे सरकते. शेवाळाने कशाभिका थांबवल्या, तर ते त्याच्या लांबीच्या हजाराव्या भागाइतकेही पुढे न जाता जागीच थबकते.

उलट पेशीची काही दुःखे चिचुंद्रीपेक्षा कमी आहेत. आकार लहान असला की आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा होतो. ३ सेंटिमीटर जाडीच्या प्राण्याच्या तुलनेत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या पेशीला तो जवळजवळ ३,००० पट अधिक मिळतो. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि क्षार नुसते पाझरून आत-बाहेर होतात. फुप्फुस, हृदय, रक्त यांची गरजच पडत नाही. चिचुंद्रीला हे सगळे लागते. शिवाय तिला अंगाची ऊब राखायची असते, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून ती दाट केसांत हवा अडकवून बुडी मारते. पाण्याखाली जाताना तिचे काळे अंग या हवेच्या थरामुळे चांदीसारखे चमकते. त्याच हवेमुळे ती बुचासारखी वर येऊ पाहते आणि खाली राहण्यासाठी तिला सतत पाय मारावे लागतात. तिच्या बुड्या साधारणपणे काही सेकंदांच्याच असतात. तेवढ्यातही अमेरिकी जात नाकपुड्यांतून हवेचे बुडबुडे सोडून ते लगेच पुन्हा आत ओढते आणि पाण्याखालचा वास घेते, हे केनेथ कटानिया यांनी २००६ मध्ये दाखवले.

फसवे साम्य: उजेड ओळखणारे प्रथिन

क्लॅमिडोमोनासचा नारिंगी ठिपका उजेडाची दिशा ओळखण्याच्या कामी येतो. तेथे उजेड टिपणाऱ्या प्रथिनाची साखळी पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेली असते आणि तिच्या पोटात अ जीवनसत्त्वापासून बनलेला रेटिनल नावाचा रेणू असतो. चिचुंद्रीच्या डोळ्यातल्या प्रथिनाचीही साखळी सात वेळा आरपार जाते आणि त्याच्याही पोटात रेटिनल असतो. इतके वाचून हा वारसाच, असा निकाल कुणीही देईल. पण दोन्ही साखळ्यांतल्या घटकांचा क्रम लावून पाहिला तर ओळखू येईल असे साम्य सापडत नाही, आणि कामाची पद्धतही वेगळी. शेवाळाचे प्रथिन उजेड पडताच स्वतःच दार उघडून विद्युतभारित कण आत सोडते. चिचुंद्रीचे प्रथिन पेशीतल्या इतर रेणूंना निरोप देते आणि पुढची साखळी ते चालवतात. बाह्य रचना जुळणे हा वारशाचा पुरेसा पुरावा नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

शेवाळाच्या या प्रथिनाचा शोध २००२ आणि २००३ मध्ये लागला. ते चेतापेशीत घातले तर उजेडाच्या झोताने ती पेशी चेतवता येते, हे २००५ पर्यंत सिद्ध झाले. २०२१ मध्ये अनेक वर्षे अंध असलेल्या एका रुग्णाला शेवाळजन्य, प्रयोगशाळेत सुधारलेल्या अशाच प्रथिनाच्या आणि खास चष्म्याच्या मदतीने समोरच्या टेबलावरच्या वस्तू ओळखता आल्याची नोंद झाली. हे प्रथिन सस्तन प्राण्याकडे नसल्यामुळेच उपयोगी ठरले.

काही स्वाभाविक शंका

मग दोघांत साम्य किती टक्के? हा प्रश्न जसा विचारला जातो, तसा त्याला अर्थ नाही. चिचुंद्रीच्या किती जनुकांचा जोडीदार शेवाळात सापडतो, हा एक आकडा. जोडीदार सापडलेल्या जनुकांतली किती अक्षरे जुळतात, हा दुसरा. केळ्याच्या आणि माणसाच्या मजकुरात या दोहोंची गल्लत झालेली असते. काय मोजले ते सांगितल्याशिवाय टक्केवारी स्वीकारू नये.

शेवाळ मागासलेले आणि चिचुंद्री प्रगत, असे तरी म्हणावे का? सामाईक पूर्वजापासून दोघांनीही सारखाच काळ पार केला आहे. २००७ मध्ये क्लॅमिडोमोनासचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सुमारे १५,००० जनुके असल्याचे दिसले. एका पेशीत सगळे भागवणारे हे शेवाळ साधे मुळीच नाही.

शेवाळ ऑक्सिजन देते, मग ते वाढले तर पाण्याचे भलेच होईल, ही शंकाही नेहमी येते. शेवाळाकडे चिचुंद्रीप्रमाणेच तंतुकणिका आहे आणि ते अहोरात्र श्वसन करते. दिवसा तयार होणारा ऑक्सिजन अधिक असतो. रात्री फक्त खर्च चालू राहतो. दाट हिरव्या पाण्यातले मासे बहुधा पहाटेच्या सुमारास का मरतात, याचे एक कारण हे आहे.

मग उजनीच्या पाण्याचे काय?

पाण्यातले एखादे रसायन घातक आहे का हे शेवाळावर तपासले, तर निकाल चिचुंद्रीला आणि पर्यायाने आपल्याला लागू पडेल का? याचे उत्तर ते रसायन कोणत्या यंत्रणेवर घाव घालते यावर अवलंबून आहे. प्रकाशसंश्लेषण रोखणारे तणनाशक शेवाळाला मारक ठरते, पण चिचुंद्रीकडे ती यंत्रणाच नाही. चेतासंस्था बिघडवणारे कीटकनाशक चिचुंद्रीला आणि तिच्या भक्ष्याला घातक असते, शेवाळाकडे मात्र चेतासंस्था नाही. म्हणून नवी रसायने शेवाळ, पाणपिसू आणि मासा अशा वेगवेगळ्या जिवांवर स्वतंत्रपणे तपासण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे आणि एका चाचणीवर दुसरीचे काम भागवले जात नाही.

निळ्या-हिरव्या जिवाणूंच्या काही जाती तयार करतात ते मायक्रोसिस्टिन हे विष ज्या विकरांना, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना, जखडते, ती केंद्रकयुक्त पेशींना वारशाने मिळालेली आहेत; शेवाळाकडेही आहेत आणि चिचुंद्रीकडेही. सस्तन प्राण्यांत त्याचा घाव मुख्यतः यकृतावर पडतो, कारण यकृताच्या पेशींवर हे विष आत ओढून घेणारे वाहक असतात. हिरवे पाणी पिऊन गुरे दगावल्याच्या घटना जगात अनेक ठिकाणी नोंदल्या गेल्या आहेत. हे विष उकळल्याने नष्ट होत नाही, उलट उकळताना जिवाणूंच्या पेशी फुटून आतले विष पाण्यात उतरते. तेव्हा पाण्यावर रंगासारखा हिरवा तवंग दिसत असेल, तर ते पाणी उकळून पिणे हा उपाय नाही, आणि गुरांनाही त्या काठावर पाणी पाजू नये.